हाउसफुल्लच्या पाटीमागे : तिकिटांच्या फेरविक्रीची पावणेदोनशे वर्षे

#थ्रेड #इतिहास

१/
सप्टेंबर १८५०, न्यूयॉर्क. जॉन जेनिन नावाच्या एका टोपीविक्रेत्याने भर लिलावात बोली लावून गायनाच्या एका कार्यक्रमाचे एक तिकीट २२५ डॉलरना विकत घेतले. साध्या मजुराची दिवसाची मिळकत तेव्हा एका डॉलरच्या आसपास होती. दुसऱ्या दिवशी शहरभर जेनिनचे नाव झाले आणि त्याच्या टोप्यांना गिऱ्हाईक वाढले. तिकिटाच्या छापील किमतीपलीकडचा पैसा नेमका कोणाच्या खिशात जातो, या प्रश्नाचा इतिहास येथून सांगता येतो.

२/
गायिका होती स्वीडनची जेनी लिंड आणि तिला अमेरिकेत आणणारा होता पी. टी. बार्नम. एका कार्यक्रमाला १,००० डॉलर, असे १५० पर्यंत कार्यक्रम, असा करार झाला होता. लिंडचे नाव युरोपात गाजलेले असले तरी अमेरिकेत तिचे गाणे जवळजवळ कोणीच ऐकलेले नव्हते. बार्नमने वृत्तपत्रांतून अशी हवा निर्माण केली की, ११ सप्टेंबरच्या पहिल्या कार्यक्रमाआधी कॅसल गार्डनमध्ये तिकिटांचा लिलावच पुकारावा लागला.

३/
लिलावात बार्नमचा व्यापारी हिशेब होता. एखाद्या तिकिटासाठी लोक २० डॉलर द्यायला तयार असतील आणि ते ३ डॉलरना विकले, तर मधले १७ डॉलर नाहीसे होत नाहीत. कोणीतरी मधला माणूस ते उचलतो. लिलाव केला की तो फरक थेट आयोजकाच्या तिजोरीत येतो. पुढे बोस्टनमध्ये एका तिकिटाची बोली ६२५ डॉलरवर गेली, तर प्रॉव्हिडन्समध्ये ६५० वर. स्वतः लिंडला मात्र हा बाजारू गाजावाजा रुचेना. आपली बरीचशी कमाई ती धर्मादाय कामांना देत होती. १८५१ मध्ये तिने बार्नमशी असलेला करार संपवला.

४/
सतरा वर्षांनी नेमका उलटा प्रयोग झाला. नोव्हेंबर १८६७ मध्ये चार्ल्स डिकन्स स्वतःच्या साहित्याच्या वाचनासाठी अमेरिकेत आला. तिकिटाचा दर ठरला दोन डॉलर, आणि तो सगळ्यांना सारखाच. आपल्या वाचकांना परवडावे आणि सभागृह भरलेले दिसावे, हा त्यामागचा विचार. हेतू चांगला होता. परंतु दोन डॉलरच्या तिकिटाला बाजारात त्याच्या कितीतरी पट दाम मिळत होता आणि तो मिळवू पाहणारे लोक आदल्या रात्रीपासूनच रांगेत उभे होते.

५/
ब्रुकलिनमध्ये तर जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत लोकांनी रस्त्यावर गवताच्या गाद्या अंथरल्या, ऊब मिळावी म्हणून शेकोट्या पेटवल्या. डिकन्सने आपल्या पत्रांतून या रांगांचे वर्णन केलेले आहे. रांगेतील अनेकांना वाचनाशी काही देणेघेणे नव्हते. तिकिटांचे सट्टेबाज रोजंदारीवर माणसे उभी करत आणि पुढच्या जागा पटकावत. खरा वाचक पहाटे पोहोचेपर्यंत पुढच्या ओळी संपलेल्या असत. मग त्याच जागा त्याला सट्टेबाजाकडून चढ्या भावाने घ्याव्या लागत.

६/
या सगळ्याचा राग निघाला तो डिकन्सचा व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी याच्यावर. त्याने एका माणसाला मिळणाऱ्या तिकिटांवर मर्यादा घातली, विक्रीच्या पद्धती बदलून पाहिल्या. पण सट्टेबाज दर वेळी एक पाऊल पुढेच राहिले. वृत्तपत्रांनी मात्र डॉल्बीलाच धारेवर धरले. ७६ वाचनांच्या या दौऱ्यातून डिकन्सला खर्च वजा जाता सुमारे १९,००० पौंड मिळाले. प्रेक्षकांच्या लेखी लेखक निर्दोष राहिला आणि शिव्या व्यवस्थापकाच्या वाट्याला आल्या. शिव्या खाण्याचे हे काम पुढे एका मोठ्या उद्योगाचा भाग होणार होते.

७/
प्रश्न न्यायालयात गेला तो नाटकांच्या तिकिटांवरून. १९२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की, छापील किमतीपेक्षा ५० सेंटहून अधिक घेऊन तिकीट परत विकता येणार नाही. तिकीट दलालांनी त्याला आव्हान दिले. १९२७ मध्ये ‘टायसन विरुद्ध बँटन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द ठरवला. नाटकगृह ही सार्वजनिक गरजेची गोष्ट नाही, सबब तेथील दर शासनाने बांधून देऊ नयेत, असे बहुमताचे म्हणणे होते.

८/
न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी भिन्न मत नोंदवले. लोकांना एखादी गोष्ट नियमनाइतकी महत्त्वाची वाटत असेल, तर तो निर्णय विधिमंडळाने घ्यावा. न्यायालयाने आड येऊ नये, हा त्याचा आशय. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या तशाच मर्यादेला मान्यता दिली आणि होम्स यांची बाजू अखेर सरस ठरली. पुढे २००७ मध्ये न्यूयॉर्कने ती मर्यादा आपणहून उठवली. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत कायदा असा तीनदा फिरला. दलाल मात्र जागच्या जागी राहिले.

९/
दलालांच्या टिकावाचे एक कारण खिडकीच्या आत होते. ब्रॉडवेवर ‘आइस’ हा शब्द रूढ होता. तिकीट-खिडकीवरचा कर्मचारी किंवा त्याच्या वरचा कोणी चांगल्या जागांची तिकिटे मागल्या दाराने दलालाला देई; त्याबद्दल छापील किमतीवर जी रोख रक्कम हातावर पडे ती ‘आइस’. तिची नोंद कुठल्याही वहीत नसे. लेखक, नट, निर्माते यांना त्यातली दमडीही मिळत नसे. १९६० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी या व्यवहाराची जाहीर चौकशी केली, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला.

१०/
मग संगणक आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टिकेट्रॉनने संगणकावरून तिकीटविक्री सुरू केली. १९७६ मध्ये ॲरिझोनात टिकेटमास्टरची स्थापना झाली. शहरभरच्या दुकानांतून एकाच वेळी तिकिटे विकता येऊ लागली. खिडकीवरचा माणूसच बाजूला झाला की ‘आइस’ही वितळेल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु फरकाचा पैसा तसाच होता. त्याचा रस्ता तेवढा बदलला.

११/
हा रस्ता आखला फ्रेड रोझेन यांनी. १९८२ मध्ये ते टिकेटमास्टरचे प्रमुख झाले. तोवर तिकीट कंपन्या सभागृहाकडून सेवेचे पैसे घेत. रोझेन यांनी व्यवहार उलटा केला: शुल्क प्रेक्षकाकडून घ्यायचे, त्यातला वाटा सभागृहाला द्यायचा आणि बदल्यात काही वर्षांसाठी तेथील सर्व तिकिटे विकण्याचा एकाधिकार घ्यायचा. पूर्वी तिकीटविक्री हा सभागृहाचा खर्च होता, आता ते उत्पन्न झाले. १९९१ मध्ये टिकेट्रॉनचा व्यवसायही टिकेटमास्टरकडे आला.

१२/
या रचनेत प्रेक्षक सोडून सगळ्यांचीच सोय होती. छापील किंमत कमी दिसल्याने कलावंताची प्रतिमा जपली जाई. शुल्काचा भार आणि त्यावरचा रोष कंपनीच्या नावावर जाई. सभागृहाचा वाटा पडद्याआड राही. म्हणजे डॉल्बीने फुकट खाल्लेल्या शिव्या टिकेटमास्टरने मोबदला घेऊन खाल्ल्या. प्रेक्षकाला दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मुभा नव्हती, कारण कंपनीची निवड त्याने केलेलीच नव्हती. ती सभागृहाने केली होती.

१३/
या रचनेला एका बँडने उघडपणे आव्हान दिले. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या पर्ल जॅमला आपल्या तरुण श्रोत्यांसाठी तिकीट २० डॉलरच्या आत ठेवायचे होते आणि त्यावरचे शुल्कही मर्यादित हवे होते. मे १९९४ मध्ये बँडने अमेरिकेच्या न्याय विभागाकडे टिकेटमास्टरच्या मक्तेदारीविरुद्ध तक्रार केली. ३० जून १९९४ रोजी स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंट या दोन वादकांनी संसदीय उपसमितीपुढे साक्ष दिली.

१४/
टिकेटमास्टरला वगळून दौरा करायचा बँडने प्रयत्न केला. पण मोठी सभागृहे करारांनी बांधलेली होती. म्हणून मग आडवळणाची मैदाने आणि नवखी तिकीटव्यवस्था यांवर भिस्त ठेवावी लागली आणि १९९५ चा दौरा कोलमडला. त्याच वर्षी जुलैमध्ये न्याय विभागाने कारवाईविना चौकशी बंद केली. १९९८ मध्ये पर्ल जॅम पुन्हा टिकेटमास्टरच्या सभागृहांत वाजवू लागला. इतक्या मोठ्या बँडची ही गत झाल्यावर इतरांनी घ्यायचा तो बोध घेतला.

१५/
इंटरनेट आले तशी रांगही अदृश्य झाली. २००० मध्ये स्टबहब सुरू झाली आणि फेरविक्री फुटपाथवरून उठून संकेतस्थळावर आली. ब्रुकलिनच्या रांगेतील रोजंदारी माणसांची जागा ‘बॉट’ म्हणजे स्वयंचलित प्रणालींनी घेतली. वाइजगाइज नावाच्या टोळीने अशा प्रणालींच्या बळावर दहा लाखांहून अधिक तिकिटे उचलल्याचा खटला २०१० मध्ये उभा राहिला. २०१६ मध्ये अमेरिकेत बॉटविरोधी कायदा झाला. तरीही बॉट संपले नाहीत.

१६/
दरम्यान तिकीट कंपनी आणि फेरविक्रेता यांच्यातली रेषाच पुसट झाली. २००८ मध्ये टिकेटमास्टरने टिकेट्सनाउ ही फेरविक्रीची कंपनी विकत घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमाची तिकिटे घेऊ पाहणाऱ्या चाहत्यांना मूळ विक्रीच्या पानावरून थेट या चढ्या दराच्या संकेतस्थळाकडे धाडले गेले. स्प्रिंगस्टीनने जाहीर संताप व्यक्त केला, कंपनीला माफी मागावी लागली. पुढल्याच वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, टिकेटमास्टरचे लाइव्ह नेशनशी विलीनीकरण मंजूर झाले. कार्यक्रमांचे आयोजन, सभागृहे, कलावंतांचे व्यवस्थापन आणि तिकीटविक्री आता एका छत्राखाली होती.

१७/
नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या ‘इराज टूर’ची पूर्वविक्री सुरू होताच टिकेटमास्टरची यंत्रणा कोसळली आणि सर्वसाधारण विक्री रद्द झाली. जानेवारी २०२३ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीने सुनावणी घेतली. मे २०२४ मध्ये न्याय विभागाने मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. सप्टेंबर २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने वेगळा दावा लावला: दलाल तिकीटमर्यादा मोडत असल्याचे ठाऊक असून कंपनीने त्याकडे डोळेझाक केली आणि फेरविक्रीवरही शुल्क कमावले, असा त्यातला आरोप आहे. ‘आइस’ची चौकशी आठवावी असाच हा आरोप.

१८/
मुंबईला ही कथा परकी नाही. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागली की बाहेर ‘दस का बीस’ पुटपुटणारे ब्लॅकवाले उभे असत, आणि खिडकीत संपलेली तिकिटे यांच्या हाती आली कशी, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षकाला पडे. मल्टिप्लेक्स आणि ऑनलाइन आरक्षण आले, तसा हा वर्ग दिसेनासा झाला. २२ सप्टेंबर २०२४ रोजी तो नव्या रूपात परतला.

१९/
त्या रविवारी बुकमायशोवर कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची विक्री सुरू झाली. दर २,५०० ते ३५,००० रुपये. पडद्यावर लाखोंची रांग दिसत होती. तिकिटे पाहता पाहता संपली आणि परदेशी फेरविक्री संकेतस्थळांवर त्यांना लाखांत भाव लागले. या संकेतस्थळांशी आपला संबंध नाही, असे सांगत बुकमायशोने पोलिसांत तक्रार केली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही चौकशीसाठी बोलावले.

२०/
ऑनलाइन काळ्या बाजाराविरुद्ध नियम करावेत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळताना न्यायालयाने सांगितले की, हे काम विधिमंडळाचे आहे. १९२७ मध्ये होम्स यांनीही चेंडू विधिमंडळाकडेच टोलवला होता. विधिमंडळाने ठरवले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. तेथे २०२१ च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे छापील किमतीहून अधिक दराने परत विकण्यास मनाई केली.

२१/
बार्नमने फरकाचा पैसा स्वतः घेतला. डिकन्सने तो सोडला आणि सट्टेबाजांनी उचलला. ब्रॉडवेवर तो खिडकीमागे वाटला गेला, रोझेन यांनी त्याला शुल्काचे नाव दिले. जेव्हा एखादी कंपनी ‘तिकिटे संपली’ असे जाहीर करते, तेव्हा त्यातली किती तिकिटे खुल्या विक्रीला आली होती, किती आधीच राखून ठेवलेली होती आणि शुल्कात कोणाचा किती वाटा आहे, हे तीन आकडे जाहीर करण्याचे बंधन घालणे शक्य आहे. रात्रभर जागणाऱ्या चाहत्याला निदान आपण कोणासाठी जागलो, एवढे तरी कळेल.

(समाप्त)