घोडनदीकाठचे जळके दाणे

आपल्या घोडेगावाजवळून वाहणारी घोड नदी पुढं शिरूर तालुक्यात इनामगावाला जाते. तिथं नदीकाठच्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी ते पुढं नेलं. सापडलं ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. मातीची घरं, चुली, रांजण आणि घराघरातला कचरा.

मला त्या कचऱ्याचंच अप्रूप वाटतं. धान्य मातीत कुजून जातं, पण जळून कोळसा झालेला दाणा टिकतो. कुणा बाईच्या हातून चुलीशी सांडलं असेल. तेव्हा ती हळहळलीच असेल. त्या जळक्या दाण्यांवरून कळलं, की तिथलं मुख्य पीक जव, म्हणजे सातू. सोबत गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि आपले हुलगे. रानातली बोरंही खात. धान्य साठवायला कणग्या होत्या, जमिनीत पेवं होती. नदीचं पाणी वळवायला पाट खोदला होता, बांध घातला होता.

हाडं गाई-बैलांची, म्हशींची, शेळ्या-मेंढ्यांची, कुत्र्यांची. शिवाय हरणांची आणि माशांची. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे ती खाल्लीही जात. ऐकून कुणी दचकेल, पण आहे ते असं आहे.

इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास चित्र पालटलं. पाऊस कमी झाला असावा, असं ढवळीकरांचं मत. आधीची मोठी चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. गहू जवळजवळ दिसेनासा झाला. शिकार वाढली, शेळ्या-मेंढ्यांवर भिस्त आली. हे वाचताना मला आपल्या गटाची बैठक आठवली. पाऊस हुकला की आपल्याकडंही कर्ज शेळीसाठीच मागतात. शेळी बांधावरच्या पाल्यावर जगते आणि अडीनडीला चटकन विकता येते. बैलाचं तसं नाही.

तरी ते लोक लगेच उठून गेले नाहीत. त्या झोपड्यांत आणखी तीनेकशे वर्षं चुली पेटत होत्या. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास मात्र गाव ओस पडलं.

इनामगावच्या वस्तू डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. या वर्षीची गटाची सहल तिकडं काढायची का, ते येत्या बैठकीत ठरवू.