बाहेर ठेवायला कुणी सांगितलं?

सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना त्याच्याविषयी वेगळं सांगायला नको. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांवर जाऊन बसतो. दिवसभर दारं-खिडक्या लावून घरात राहायचं आणि ऊन कललं की अंगणात सडा मारून बाहेर येऊन बसायचं, ही इथली जुनी रीत. माझ्या लहानपणी बाहेर बसायला बाज असायची. लिंबाच्या लाकडाचे पाय आणि वर सुंभाची वीण. सुंभ सैल पडला की ओढून बांधायचा, कुजला की नवा विणायचा. बाज मोडली म्हणून कुणी सुताराशी भांडल्याचं मला आठवत नाही. ती कशानं खराब होते आणि कशी दुरुस्त करायची, हे घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

१९९०च्या दशकात बाजेची जागा प्लास्टिकच्या खुर्चीनं घेतली. वजनाला हलकी, धुवायला सोपी, किमतीला परवडणारी. आम्हीही चार घेतल्या, पुढे त्या बदलून आणखी चार. अशाच एका खुर्चीवरून दोन वर्षांपूर्वी माझी आई पडली. मागचा पाय काडकन मोडला आणि ८२व्या वर्षी तिचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. मोडलेला तुकडा मी बोटानं घासून पाहिला, तर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागली. तो तुकडा घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदारानं तो उलटसुलट करून पाहिला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, ही बाहेर ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी गप्प झालो. खुर्च्या घेताना मी त्याला विचारलं होतं, "अंगणात राहणार आहेत, उन्हात टिकतील ना?" आणि "दहा वर्षं बघायचं काम नाही," असं तो म्हणाला होता. पण ते बोलणं हवेत विरून गेलं होतं. माझ्या हातात होती एक कच्ची चिठ्ठी, तिच्यावर फक्त आकडा. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस मी. घरी आलो आणि त्याच्या प्रश्नाचाच इतिहास शोधायला बसलो.

घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं, नंतर तक्रार करू नये, हा इंग्रजी कायद्यातला जुना नियम. आपल्या बाजारालाही तो परका नव्हता. माझी आजी लुगडं घेताना पदराचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासायची. रुमालाला रंग लागला की दुकानातून उठायची. तिला कायदा नको होता, कारण कपड्याचा दोष तिथल्या तिथे दिसत होता. पण दोन उन्हाळ्यांनंतर दिसणारा दोष दुकानात बसून कसा तपासायचा?

हाच प्रश्न १८२९ साली लंडनच्या न्यायालयापुढे आला होता. 'जोन्स विरुद्ध ब्राइट' असं त्या खटल्याचं नाव. जोन्स यांना जहाजाच्या तळाला ठोकण्यासाठी तांब्याचे पत्रे हवे होते. एका ओळखीच्या माणसानं त्यांना कारखानदाराकडे नेलं आणि पत्रे कशासाठी हवेत तेही सांगितलं. चांगलाच माल देऊ, असं कारखानदारानं आश्वासन दिलं. असे पत्रे साधारण चार वर्षं टिकायचे, हे चार महिन्यांतच समुद्राच्या पाण्यानं खाल्ले. दोष घडणीतच होता, पण वरून बघून तो कुणालाच कळला नसता. एखाद्या ठरावीक कामासाठी म्हणून वस्तू विकणारा ती त्या कामाला लायक असल्याची हमी देतच असतो, असा न्यायाधीशांनी निर्वाळा दिला. समुद्राच्या जागी ऊन आणि तांब्याच्या जागी प्लास्टिक ठेवा, माझं अंगण तयार!

गंमत पुढेच आहे. १८७२ साली हिंदुस्थानात करार कायदा झाला. त्यात मालाच्या विक्रीचंही एक प्रकरण होतं आणि या नियमासाठी कायदा करणाऱ्यांनी जे उदाहरण दिलं, ते नेमकं जहाजाला लावायच्या तांब्याचंच होतं. म्हणजे सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली, त्याच्याही आधी हा हक्क आपल्याकडे पोहोचला होता.

पुढे १९०३ साली इंग्लंडमध्येच एक साधासा खटला झाला, मला तो फार आवडतो. एका कापडविक्यानं औषधाच्या दुकानातून शेकायची रबरी पिशवी घेतली. उकळतं पाणी चालेल का, असं त्यानं विचारलं. उकळतं नाही, पण गरम पाणी चालेल, असं उत्तर मिळालं. चार-पाच वेळा वापरल्यावर पिशवी फुटली आणि त्याची बायको भाजली. पिशवी कशासाठी आहे हे तिच्या नावावरूनच कळत होतं, आणि गिऱ्हाइकानं दुकानदाराच्या माहितीवर भिस्त ठेवली होती, म्हणून न्यायालयानं दुकानदाराला जबाबदार धरलं. काउंटरवर विचारलेल्या एका प्रश्नाला केवढं वजन!

१९३० साली आपल्याकडे स्वतंत्र माल विक्री कायदा आला, तो १ जुलैपासून लागू झाला. सोलापूरकरांचं तेव्हा तिकडे लक्ष असणं शक्यच नव्हतं. त्याच मे महिन्यात शहरात मार्शल लॉ पुकारला गेला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे आपले चार हुतात्मे पुढच्या जानेवारीत येरवड्यात फासावर गेले. अशा दिवसांत खुर्च्या-पत्र्यांच्या हमीचं कुणाला पडलं असणार? पण त्या कायद्याचं १६वं कलम आजही जिवंत आहे. घेणाऱ्यानं आपलं काम सांगितलं, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विश्वास ठेवला आणि तशा वस्तू विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. त्यात एक पाचरही आहे. तुम्ही होऊन "अमुक कंपनीची अमुकच द्या" असं व्यापारी नाव घेऊन मागितलंत, तर त्या विशिष्ट कामाची हमी तुम्हाला मागता येत नाही, कारण विश्वास तुम्ही दुकानदारावर नाही, नावावर ठेवलेला असतो.

तर हक्क होता, पण तो वापरायचा कुठे? दोनशे रुपयांच्या खुर्चीसाठी दिवाणी न्यायालयात वकील लावायचा, कोर्ट फी भरायची आणि तारखा मोजत बसायचं? इतका वेडा कोण असेल? हे दार उघडायला जी माणसं पुढे आली, त्यांत मराठी माणसं आघाडीवर होती. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. घराघरांतल्या बायकांनी गट करून महिन्याचा किराणा एकत्र आणायचा आणि वाटून घ्यायचा, इतक्या साध्या कामातून ग्राहकाला आपण एकटे नाही हे समजलं.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली आणि जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. तिथे वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. या कायद्यात 'दोष' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत करारात न बोलता गृहीत धरलेला दर्जाही येतो, म्हणजे १९३०चं ते कलम आपोआप आत आलं. मोडलेली वस्तू मंचाला प्रयोगशाळेत तपासून घेता येते. दोष निघाला तर वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं आणि नुकसानभरपाई असे आदेश होऊ शकतात. २०१९च्या नव्या कायद्यानं मंचाचा आयोग झाला. आता ग्राहकाला स्वतः राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करायची. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी आता अनुचित व्यापारी प्रथांत मोडतात.

आमच्या खुर्चीचं काय झालं होतं, हेही मी रसायनशास्त्राच्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, उन्हातल्या अतिनील किरणांनी या प्लास्टिकच्या लांबच लांब साखळ्या तुटतात. आधी रंग उडतो, मग भुकटी सुटते, बारीक चिरा पडतात आणि शेवटी वजन टाकलं की मोडतं. यावर उपाय असतो. प्लास्टिकमध्ये किरणांना अडवणारी द्रव्यं घालतात, पण त्यांना पैसे पडतात. घातली आहेत की नाहीत, हे मात्र नव्या खुर्चीकडे बघून कळत नाही. आजीचा ओला पदर इथे उपयोगाचा नाही.

तुम्ही विचाराल, मग सरांनी तक्रार केली का? नाही केली. दुकानातून परत आलो त्याच संध्याकाळी रागाच्या भरात मी तो तुकडा आणि उरलेल्या तिन्ही खुर्च्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तपासायला पाठवणार काय? हातात कच्ची चिठ्ठी, आणि बोलण्याला साक्षीदार फक्त आई, तिला नीट ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांना पुराव्याचं महत्त्व शिकवणाऱ्या माणसानं पुरावा किलोच्या भावानं विकला होता.

यंदा होळीनंतर आईला पुन्हा अंगणात बसायचं होतं. दुसऱ्या एका दुकानात गेलो. पोरानं एक सुबक खुर्ची काढून दाखवली आणि उन्हात काहीही होणार नाही म्हणाला. मी म्हटलं, "पक्कं बिल कर आणि त्यावर एवढंच लिही, अंगणात उन्हात ठेवण्यासाठी." त्यानं पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि आतून मालकांना बोलावलं. मालकांनी एकदा मला आणि एकदा खुर्चीला न्याहाळलं.

"काका, उन्हात ठेवायची असेल तर ही नका नेऊ," ते म्हणाले, आणि पोराला माळ्यावरची दुसरी काढायला सांगितली.