पोटोसीची चांदी

* पोटोसी : आजच्या बोलिव्हियातले, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवरचे खाणींचे शहर. लेखक एका ओळीत त्याचे नाव घेऊन पुढे गेला आहे. वाचकाने मात्र इथे थांबावे. १५४५ मध्ये इथल्या ‘सेरो रिको’ डोंगरात चांदी सापडली. इंकांच्या काळातली ‘मिता’ ही पाळीपाळीने श्रम देण्याची रीत स्पॅनिश सत्तेने १५७३ पासून सरळ वेठबिगारीत बदलली आणि ठरलेल्या प्रांतांतून दरवर्षी सातातला एक पुरुष खाणीवर आणायचा, असा नियम केला. अंगठ्याला मेणबत्ती बांधून, पाठीवर दगडांचे ओझे घेऊन ही माणसे कातड्याच्या शिड्या चढत. वर कुटलेल्या दगडात मीठ आणि पारा कालवून तो चिखल अनवाणी तुडवावा लागे. पारा अंगात भिनत असे. जागतिक व्यापाराचा इतिहास या पायांपासून सांगायला हवा, असे मला मनापासून वाटते. मिंग राजवटीत कर चांदीत भरावा लागत असल्याने १५७१ नंतर अमेरिकेची चांदी मनिलामार्गे चीनला गेली. युरोपमार्गे ती सुरतेलाही उतरे; तिथल्या टांकसाळीत ती वितळवून मोगली रुपये पाडले जात. — संपा.