आवाजाचा शेअर

इंटरनेट टेलिफोनच्या शेअर्सचा इतिहास शकुंतलेपासून सुरू केला तर चालेल ना? मी यवतमाळचा, तेवढी सवलत द्या.

शकुंतला म्हणजे कालिदासाची नव्हे, यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज गाडी. ११३ किलोमीटर, आणि वेग असा की मध्येच उतरून पुन्हा चढता येईल. (हा विनोद आमच्याकडे प्रत्येक पिढी नव्याने करते.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला ही लाइन टाकली. पुढे मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाइन खाजगीच राहिली, आणि ती चालवणाऱ्या सरकारी रेल्वेकडून कंपनीला करारानुसार पैसे मिळत राहिले. आता गाडी धावत नाही, पण कित्येक दशकं मालकाचं नीट चाललं. कारण साधं आहे: वाट एकच होती आणि ती त्यांच्या नावावर होती.

आता एकदम १९९५ मध्ये या. इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचं सॉफ्टवेअर विकायला काढलं. साउंड कार्ड, माइक आणि मोडेम असलेल्या दोन पीसींनी एकमेकांशी बोलायचं. आवाज तुटायचा, पण बोलणं व्हायचं. पुढच्याच वर्षी कंपनी नॅसडॅकवर आली.

आतलं तंत्र थोडक्यात सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. जुन्या फोनमध्ये तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, एक्स्चेंज ते एक्स्चेंज ६४ किलोबिटची वाट तुमच्यासाठी अडवून ठेवलेली असते. म्हणून मिनिटाचं मीटर. इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे तुकडे करून पॅकेट्समध्ये भरतात. जी.७२९ सारखा कोडेक वापरला तर आवाजाला ८ किलोबिट पुरतात. मधल्या राउटरच्या दृष्टीने ते पॅकेट आणि तुमची ईमेल यात काही फरक नाही. आता मीटर लावणार कुठे?

इंजिनियर हा प्रश्न ऐकून खूश होतो. गुंतवणूकदाराने मात्र घाबरायला हवं होतं. तसं झालं नाही. नेट२फोनचा शेअर जुलै १९९९ मध्ये १५ डॉलरला बाजारात आला. २००० मध्ये एटी अँड टीने तोच ७५ डॉलरच्या भावाने उचलला, एकूण सुमारे १.४ अब्ज डॉलर मोजून. २००६ मध्ये मूळ मालक आयडीटीने उरलेले शेअर्स परत घेतले ते दोन डॉलरच्या आसपास. मधल्या काळात तंत्रज्ञान फसलं का? अजिबात नाही! ते इतकं छान चाललं की मिनिटाची किंमतच संपत आली.

आपल्याकडे तेव्हा परदेशी कॉलची एकमेव वाट व्हीएसएनएलची, मुख्यालय मुंबईत. २००० च्या सुमारास अमेरिकेला बोलायला मिनिटाला साठेक रुपये पडायचे. इंटरनेटवरून फोन करायला बंदी होती आणि व्हीएसएनएलने तसल्या काही साइट्स चक्क अडवल्या होत्या. फेब्रुवारी २००२ मध्ये टाटांनी व्हीएसएनएलचा २५ टक्के हिस्सा १,४३९ कोटींना घेतला, शेअरला २०२ रुपयांनी. ३१ मार्चला मक्तेदारी संपली आणि १ एप्रिलपासून इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. तीही अर्धवटच: इथल्या पीसीवरून परदेशातल्या फोनला कॉल चालेल, देशातल्या फोनला नाही.

यवतमाळात माझ्या एका काकांचा एसटीडी-आयएसडी बूथ होता. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, लाल आकडे फिरवणारं मीटर. 'आपलाच धंदा' म्हणून त्यांनी एका टेलिकॉम कंपनीचे शेअर्सही घेतलेले. म्हणजे पोट आणि पुंजी दोन्ही एकाच तारेवर. त्या सुट्टीत मी त्यांना पॅकेट्सचं सगळं प्रकरण उत्साहाने समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अबे, मिनिटच नाही राह्यलं तं मी विकू काय?" अॅनालिस्ट लोकांच्या रिपोर्टांत मला इतकं नेमकं वाक्य कधी सापडलं नाही. शेअर्स त्यांनी वर्षभरात विकले. बूथ काही वर्षं तसाच चालवला, कारण बूथ विकत घेणार कोण?

व्हीएसएनएलचं पुढे काय झालं हे जास्त मजेदार आहे. न्यू जर्सीची आयटीएक्ससी ही इंटरनेटवरून घाऊक मिनिटं विकणारी कंपनी, १९९९ मध्ये १२ डॉलरला लिस्ट झालेली. २००४ मध्ये ती कॅनडाच्या टेलिग्लोबमध्ये विलीन झाली, आणि २००६ मध्ये ती टेलिग्लोबच व्हीएसएनएलने २३.९ कोटी डॉलरना घेतली. जे तंत्र व्हीएसएनएलला बुडवणार म्हणत होते, त्याच्यातली एक मोठी कंपनी अशी तिच्याच पदरात पडली. आधी, २००५ मध्ये, टायकोचं समुद्राखालच्या केबल्सचं जाळं १३ कोटी डॉलरना घेऊन झालंच होतं. मला यातली केबल्सची खरेदी जास्त शहाणी वाटते. शकुंतलेचा मालकही हेच म्हणाला असता. व्हीएसएनएल २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स आहे.

व्होनेजने मे २००६ मध्ये आपल्या ग्राहकांनाच आयपीओत शेअर्स देऊ केले, १७ डॉलरने. पहिल्याच दिवशी भाव १४.८५ वर बंद झाला आणि काही ग्राहकांनी पैसे भरायला नकार दिला. २००८ मध्ये भाव एक डॉलरच्याही खाली. २०२२ मध्ये एरिक्सनने कंपनी घेतली ती २१ डॉलरने. सोळा वर्षांत १७ चे २१! पोस्टातली एफडी लाजली नसती, हसली असती.

आणि ज्याच्या नावाने लोक या शेअर्सकडे वळले ते स्काइप स्वतंत्रपणे कधी लिस्टच झालं नाही. २००५ मध्ये ईबे, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट, आणि मे २०२५ मध्ये बंद.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, व्हीओएलटीईवर, म्हणजे आयपी पॅकेट्समधल्याच आवाजावर. पैसे डेटाचे, बोलणं फुकट. काकांच्या केबिनमध्ये आता झेरॉक्स मशीन आहे. पीक विम्याच्या दिवसांत सातबाऱ्याच्या कॉप्या काढायला रांग लागते, पानाला दोन रुपये.