सॉफ्टवेअर स्थापनेतील अडथळे

सॉफ्टवेअर स्थापनेतील अडथळा म्हणजे वैयक्तिक संगणकावर नवे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना संचालन प्रणालीने किंवा अँटिव्हायरसने केलेला अटकाव. हा बहुधा बिघाड नसून संरक्षणाचा भाग असतो.

कारणे

विंडोज व्हिस्टापासून (२००७) प्रणालीत बदल करणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रशासक खात्याची संमती लागते. विंडोज ८ पासून (२०१२) 'स्मार्टस्क्रीन' ही सोय आंतरजालावरून उतरवलेल्या अपरिचित फाइली अडवते. फाइलवरील डिजिटल स्वाक्षरी व तिचा प्रसार पाहून ती निर्णय घेते; त्यामुळे मोजक्या लोकांच्या वापरातील निर्दोष मराठी सॉफ्टवेअरही अडू शकते. 'एस मोड'मध्ये केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील सॉफ्टवेअर चालते. जुनी १६ बिटी सॉफ्टवेअर ६४ बिटी विंडोजवर मुळातच चालत नाहीत.

निवारण

प्रथम पडद्यावरील संदेश वाचून अडवणारा घटक ओळखावा. फाइल निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून तपासावी. खात्री पटल्यावरच तिच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'अनब्लॉक' पर्याय निवडावा. अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या फाइलीपासून दूर राहावे. एस मोडमधून बाहेर पडता येते, परंतु परतता येत नाही. शाळा व कार्यालयांतील संगणकांबाबत तेथील प्रशासकाची परवानगी घ्यावी.

मराठी टंकलेखन

विंडोज २००० पासून मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच अंतर्भूत आहे. त्यामुळे केवळ युनिकोड मराठी लिहिण्यासाठी अनोळखी सॉफ्टवेअर उतरवण्याची गरज नसते. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडणे पुरेसे ठरते.