फुप्फुसमीन : प्रारंभिक संशोधन

फुप्फुसमीन हे क्लोमांबरोबरच (कल्ल्यांबरोबरच) फुप्फुसांनीही श्वसन करणारे, गोड्या पाण्यातील मासे होत. त्यांच्या सहा जाती हयात असून त्यांपैकी एक दक्षिण अमेरिकेत, चार आफ्रिकेत व एक ऑस्ट्रेलियात आढळते. एकोणिसाव्या शतकात हे प्राणी शास्त्रज्ञांच्या हाती आले तेव्हा ते मासे की उभयचर, या प्रश्नाने प्राणिवर्गीकरणाच्या निकषांचीच कसोटी लागली.

ऑस्ट्रियन निसर्गवैज्ञानिक योहान नाटरर यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात या प्राण्याचे दोन नमुने मिळविले. लिओपोल्ट फिट्झिंगर यांनी १८३७ मध्ये त्याला लेपिडोसायरन पॅराडॉक्सा (खवले असलेला, चमत्कारिक सायरन) असे नाव दिले व फुप्फुसांमुळे त्याची गणना, त्या काळी उभयचरांनाही सामावून घेणाऱ्या, सरीसृप वर्गात केली. आफ्रिकेतील गँबिया नदीकडून आलेल्या जातीचे वर्णन इंग्लिश शारीरविज्ञ रिचर्ड ओएन यांनी १८३९ मध्ये केले. नासाकोश मुखात उघडत नाहीत असे समजून, मुख्यतः त्या लक्षणावरून त्यांनी तो मासा ठरविला. तथापि टेओडोर बिशोफ यांनी १८४० मध्ये लेपिडोसायरनाची नासारंध्रे मुखात उघडतात असे दाखवून दिले व तो उभयचर असल्याचे प्रतिपादिले. ओएन यांचा निष्कर्ष बरोबर, पण आधार चुकीचा. बिशोफ यांचे निरीक्षण अचूक, पण निष्कर्ष चुकीचा, अशी ही स्थिती होती. योहानेस म्यूलर यांनी १८४४ मध्ये या प्राण्यांना माशांतच ठेवून त्यांच्यासाठी डिप्नोई (द्विश्वसनी) हा स्वतंत्र गट स्थापिला.

ऑस्ट्रेलियातील जाती क्वीन्सलँडमधील बर्नेट नदीकाठच्या आदिवासींना पूर्वापार ठाऊक होती आणि यूरोपीय वसाहतवाले ती ‘बर्नेट सॅमन’ म्हणून खात असत. विल्यम फॉर्स्टर यांनी केलेल्या तिच्या वर्णनावर सिडनी येथील संग्रहालयाचे अभिरक्षक गेरार्ड क्रेफ्ट यांनी आधी विश्वास ठेवला नव्हता. १८७० मध्ये प्रत्यक्ष नमुना पाहताच आपली चूक मान्य करून त्यांनी तिला फॉर्स्टर यांचेच नाव दिले. तिचे दात लुई ॲगासिझ यांनी जीवाश्मांवरून (शिळारूप अवशेषांवरून) वर्णिलेल्या सेरॅटोडस प्रजातीच्या दातांसारखे होते. मात्र क्रेफ्ट यांनीही तिला उभयचर मानले. ॲल्बर्ट ग्युंथर यांनी १८७१ मध्ये तिच्या शरीररचनेचा सविस्तर अभ्यास करून तिला डिप्नोईमध्ये स्थान दिले. पुढे तिच्यासाठी निओसेरॅटोडस ही प्रजाती करण्यात आली.

यानंतर लक्ष भ्रूणविकासाकडे वळले. विल्यम कॉल्डवेल यांनी १८८४ मध्ये बर्नेट नदीत, आदिवासींच्या साहाय्याने, या माशाची अंडी मिळविली. रिखार्ट झेमोन यांनी १८९१ पासून तेथेच काम करून विकासाच्या अवस्थांचे वर्णन केले. ग्रेअम केर यांनी १८९६-९७ मध्ये पॅराग्वायच्या चाको प्रदेशात लेपिडोसायरनाची अंडी व डिंभ (अळीसारखी अवस्था) मिळविले. या डिंभांना उभयचरांच्या डिंभांप्रमाणे बाह्य क्लोम असतात, ऑस्ट्रेलियातील जातीत मात्र ते नसतात.

२०१३ व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोम-अभ्यासांनुसार, हयात माशांपैकी फुप्फुसमीन हेच चतुष्पाद पृष्ठवंशींचे सर्वांत जवळचे नातलग होत. उभयचरांशी असलेले साम्य पाहणाऱ्या आद्य संशोधकांची दृष्टी चुकली नव्हती. एकाच लक्षणावरून प्राण्याचा वर्ग ठरविता येतो, हे गृहीतक तेवढे टिकले नाही.