गरोदरपणातील थायरॉईड संप्रेरकांचे बदल

गर्भ राहिल्यापासून प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांपर्यंत आईच्या अवटू ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉईडच्या, कार्यात होणारे बदल. टी-४ व टी-३ ही या ग्रंथीची संप्रेरके असून मेंदूतील पोष ग्रंथीतून येणारे टीएसएच त्यांच्या निर्मितीचे नियंत्रण करते.

कारणे : वारेतून स्रवणाऱ्या एचसीजीची रचना टीएसएचशी मिळतीजुळती असल्याने तेही थायरॉईडला चालना देते. एचसीजी साधारण दहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते. त्या काळात टीएसएच खाली येते. इस्ट्रोजेनमुळे रक्तातील संप्रेरकवाहक प्रथिन वाढते आणि एकूण टी-४ सुमारे दीडपट होते. मूत्रावाटे आयोडीन अधिक जाते. त्यामुळे आयोडीनची रोजची गरज १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. गर्भाची थायरॉईड १०-१२ आठवड्यांनी आयोडीन घेऊ लागते, पण पुरेशी संप्रेरके पाचव्या महिन्याच्या सुमारासच तयार करते. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीची भिस्त आईच्या टी-४ वर असते.

तपासणी : दहाव्या आठवड्याच्या अहवालात टीएसएच ०.३ आले की छापील मर्यादेपेक्षा कमी म्हणून तो आकडा ठळक केलेला असतो आणि घरचे धास्तावतात. मुक्त टी-४ योग्य असेल व इतर लक्षणे नसतील, तर बहुधा हा स्वाभाविक बदल असतो. अहवाल नेहमी गरोदरपणाच्या आठवड्यांनुसार वाचावा लागतो. तीव्र उलट्यांसोबत थायरॉईड काही आठवडे अतिक्रियाशील झाली, तरी ती बहुधा आपोआप पूर्ववत होते. प्रतिपिंडांमुळे थायरॉईड अतिक्रियाशील होणारा ग्रेव्हज विकार मात्र वेगळा. त्यातील प्रतिपिंडे वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचू शकतात.

न्यूनता व उपचार : तीव्र न्यूनतेवर उपचार न झाल्यास गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती, आईचा वाढलेला रक्तदाब व बाळाच्या बौद्धिक वाढीत उणीव हे धोके असतात. न्यूनतेवरचे औषध लेव्होथायरॉक्सिन गरोदरपणात सुरक्षित आहे. आधीपासून ही गोळी घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा डोस २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावा लागतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घेतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण अडवतात, म्हणून त्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. पहिले निम्मे गरोदरपण संपेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. गरोदरपणात किरणोत्सारी आयोडीन पूर्णपणे वर्ज्य असते.

प्रसूतीनंतर : डोस बहुधा पूर्वीइतका करतात व सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. काही स्त्रियांना पहिल्या वर्षात थायरॉईडदाह होतो. त्यातून येणारा थकवा व उदासी बाळाच्या जागरणांवर ढकलली जाते आणि निदान राहून जाते. अशा वेळी रक्ततपासणी करून घ्यावी.

थायरॉईडची गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस गेल्याचे कळताच ती बंद करू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा.